घसारा : वहीतला आणि गाडीवरचा



व्यापारी घरात ‘घसारा’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मार्चअखेर ताळेबंद तयार करताना गाडी, यंत्रे, फर्निचर यांच्या किमतीतून ठरावीक रक्कम वजा होते आणि घटलेली किंमत पुढील वर्षात ओढली जाते. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारगाडीवर आयकराच्या हिशेबात सामान्यतः १५ टक्के दराने घसारा धरतात. म्हणजे १० लाख रुपयांना घेतलेली गाडी पाच वर्षांनी वहीत सुमारे ४ लाख ४४ हजारांची उरते. हा घसारा कायद्याने मान्य केलेला आहे आणि त्याचा करात लाभही मिळतो. परंतु त्याच गाडीवर दुसरा एक घसारा रोज सकाळी आपल्याच अंगणात, आपल्याच फडक्याने चढत असतो. त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही आणि त्यावर कोणतीही सवलत मिळत नाही. गाडी विकावयास काढली, की घेणारा मनुष्य ती उन्हात उभी करतो, बॉनेटकडे तिरप्या नजरेने पाहतो आणि किंमत खाली आणतो. ‘घासणे’ आणि ‘घसारा’ हे शब्द एकाच घराण्यातले आहेत, याची प्रचीती त्या क्षणी येते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा विषय अधिक जवळचा आहे. म्हणून या वेळी या सदरात गाडी घरच्या घरी, रंगावर ओरखडा न येऊ देता कशी धुवावी, याचा विचार करू.

ओरखडा येतो कोठून?

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचे पारदर्शक आवरण असते. गाडीची चकाकी ती या आवरणाची, आणि खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण करण्याचे कामही तेच करते. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. ते प्लास्टिकच्या जातीचे असल्याने मूळचेच मृदू असते.

आता त्यावर बसणाऱ्या धुळीचा विचार करा. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रेडरिक मोस यांनी १८१२ साली एक ते दहा अंकांची मोजपट्टी दिली. त्या पट्टीवर आपले नख अडीचच्या आसपास, पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास आणि साध्या वाळूतील गारगोटी सातवर येते. म्हणजे वाळूचा कण सुरीपेक्षाही कठीण असतो. असे शेकडो कण बॉनेटवर बसलेले असताना आपण कोरडे फडके घेऊन गोल गोल हात फिरवतो, तेव्हा फडक्याआडून शेकडो सूक्ष्म टोके त्या मृदू आवरणावर चालत असतात. प्रत्येक कण आपली एक रेघ ओढतो. एका दिवसात काही दिसत नाही. वर्षभराने मात्र उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटलेली दिसतात. काळ्या वा गडद निळ्या गाडीवर ती लवकर उठून दिसतात. पांढऱ्या गाडीवर ती कमी दिसतात, पण तेथेही ती असतातच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नुसती बसून राहिलेली कोरडी धूळ रंगाचे फारसे काही बिघडवत नाही. बिघडवतो तो त्या धुळीवर दिलेला हाताचा दाब. म्हणून गाडी रोज पुसणारे घर ती अधिक जपते असे नव्हे. अनेकदा तेच घर ती अधिक झिजवते.

आपल्या भागातील धूळ

आपल्याकडची धूळ सर्वत्र सारखी नाही. चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे २९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणी आहेत. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत. गडचिरोलीकडे एटापल्ली तालुक्यातील सुरजागडहून लोहखनिजाची वाहतूक होते आणि त्या मार्गांवरील गाड्यांवर तांबूस थर चढतो.

काळ्या कोळशाची पूड पाहून आपण दचकतो, पण कोळसा स्वतः मृदू आहे. खरा धोका त्याच्या राखेत आणि त्यात मिसळलेल्या दगडाच्या चुऱ्यात असतो. राखाडी, हलकी, जवळजवळ न दिसणारी ती राख सिलिका व ॲल्युमिना यांची बनलेली असते. लोहखनिजही मोसच्या पट्टीवर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान येते. सिमेंटच्या धुळीची तऱ्हा आणखी निराळी. ती कोरडी असेपर्यंत शांत असते. पण थंडीच्या दिवसांत पहाटेचे दव तिच्यावर पडले की ती जागच्या जागी धरते आणि तिचा क्षार रंगाला लागतो. म्हणून गडचांदूर-राजुरा भागातील वाचकांनी सिमेंटची धूळ दवात किंवा रिमझिम पावसात भिजू देऊ नये. ती लवकर आणि भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावी.

अरण्याचीही आपली भर असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली लावलेल्या गाडीवर गोड, चिकट फुले पडतात. आंब्याखाली चिकटा पडतो. पक्ष्यांची विष्ठा मे महिन्याच्या उन्हात, पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेलेला असताना, काही तासांत रंगावर कायमचा डाग पाडू शकते. या वस्तू मात्र धुळीप्रमाणे बसून राहू देऊ नयेत. तेथे ओले, मऊ कापड पाच-दहा मिनिटे ठेवावे, डाग पूर्ण भिजू द्यावा आणि मग न दाबता अलगद उचलून घ्यावा. नखाने वा सुरीने खरवडणे सर्वथा वर्ज्य.

प्रमार्जन आधी, स्पर्श नंतर

ही सगळी चर्चा आपल्याला परकी नाही. साधु-साध्वींच्या पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समितीचा अर्थच असा, की कोणतीही वस्तू उचलताना वा ठेवताना आधी डोळ्यांनी नीट पाहावे, मग मृदू उपकरणाने प्रमार्जन करावे आणि त्यानंतरच स्पर्श करावा. श्वेतांबर परंपरेतील ओघा म्हणजे रजोहरण लोकरीचा असतो, तर दिगंबर परंपरेतील पिंछी मोरपिसांची. पिंछीचे गुण सांगताना ती धूळ धरीत नाही, घाम धरीत नाही, मृदू, सुकुमार आणि हलकी असते, असे सांगितले आहे. तो सर्व विचार जीवरक्षणासाठी आहे. त्या पूज्य उपकरणांची गाडीच्या फडक्याशी बरोबरी करावयाची नाही. परंतु त्यामागची दृष्टी, म्हणजे जयणा, श्रावकाच्या प्रत्येक कामात उतरावी, असे आपले गुरुजन सांगत आले आहेत. आधी पाहा, मग सोडवा, मग स्पर्श करा. गाडी धुण्याचे सारे शास्त्र या तीन पदांत बसते.

‘आधी पाहा’ यालाही येथे शब्दशः अर्थ आहे. धुण्यापूर्वी आरशाच्या मागे, दाराच्या मुठीत, चाकाच्या कमानीत डोकावून पाहावे. कुंभारीण माशीचे मातीचे घर, मुंग्यांची रांग, एखादी पाल तेथे असते. त्यांना अलगद बाजूला होऊ द्यावे. कुंभारीण माशीचे घर असल्यास तो भाग सोडून द्यावा, गाडीचे काही अडत नाही.

धुण्याचा क्रम

वेळ सूर्योदयानंतरची, सकाळची निवडावी आणि गाडी सावलीत असावी. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू क्षणात सुकतो आणि पाण्याचे पांढरे ठिपके उरतात. दुरून आलेली गाडी असेल तर बॉनेट हाताला थंड लागेपर्यंत थांबावे.

पाणी गाळून घ्यावे. हा आपला आचार तर आहेच, पण विहीर वा विंधन विहिरीच्या पाण्यातील बारीक वाळूही दुहेरी कापडाने अडते आणि तीच वाळू पुढे ओरखड्यांना कारण होते.

त्यानंतर झाडांवर पाणी फवारण्याचा दोन लिटरचा हातपंप घ्यावा. शेतातील कीटकनाशकाचा पंप यासाठी कधीही वापरू नये. त्या पाण्यात गाडीचा शाम्पू मिसळून सर्व गाडीवर फवारावे आणि चार-पाच मिनिटे थांबावे. मात्र ते सुकू देऊ नये. या अवधीत धूळ भिजून सैल होते. मग बादलीभर पाणी तांब्याने छतावरून खाली सोडावे. अद्याप गाडीला हात लावलेला नाही, हे ध्यानात घ्या. बहुतेक कठीण कण येथेच निघून जातात.

आता दोन बादल्या. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत स्वच्छ पाणी. मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा भाग असा वरून खाली यावे. एक भाग झाला की हातमोजा आधी स्वच्छ पाण्याच्या बादलीत खळखळून धुवावा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा. एकच बादली वापरली तर निघालेली माती आपण पुन्हा गाडीवर नेऊन घासतो. दुकानातील रोकड आणि घरखर्चाची रोकड एकाच गल्ल्यात टाकू नये, तसेच हे आहे. हात सरळ रेषेत, स्वतःच्या वजनाइतकाच फिरवावा. गोल फिरवू नये आणि दाबू नये. चाके, चिखलरोधक आणि दारांखालची पट्टी यांसाठी वेगळे कापड ठेवावे आणि ते काम अगदी शेवटी करावे. चाकांवर ब्रेकची लोखंडी पूड असते. तेथील कापड चुकूनही बॉनेटवर येता कामा नये.

भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर यांचा मोह टाळावा. पावडरीचे न विरघळलेले दाणे ओरखडे पाडतात आणि भांड्यांचा साबण गाडीवरील संरक्षक मेण काढून टाकतो. डिझेल वा रॉकेलचा हात मारून गाडी चमकवण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. त्याने दोन दिवस चकाकी दिसते, पण तेलकट पृष्ठावर धूळ अधिक चिकटते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात.

शेवटी स्वच्छ पाणी वरून सोडून शाम्पू काढून टाकावा आणि गाडी लगेच कोरडी करावी. आपल्याकडे विंधन विहिरीचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. ते आपोआप सुकू दिले तर क्षारांचे पांढरे वर्तुळ राहते आणि पुढे ते घासून काढण्याची वेळ येते. असे ठिपके पडलेच तर व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून ओल्या कापडाने हलके टिपावे आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन टाकावे. गाडी कोरडी करताना मोठे, जाड कापड पृष्ठावर पसरून टिपून घ्यावे, रगडू नये.

कापड आणि मेण : आपल्या आचाराच्या दृष्टीने

आपल्यापैकी अनेकांचा व्यवसायच कापडाचा आहे, तेव्हा जीएसएम म्हणजे काय हे येथे सांगावयास नको. मायक्रोफायबर हे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचे कापड असून धुण्या-पुसण्यास ३०० जीएसएमच्या पुढील, तर पाणी टिपण्यास त्याहून जाड कापड चांगले. जुने धोतर, बनियन, सदरा यांची शिवण व बटणे धोक्याची असतात. मायक्रोफायबरचे कापड जमिनीवर पडले तर धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. ते सुती कपड्यांसोबत धुऊ नये, कारण त्यांचा धागा-कचरा त्यात अडकतो.

येथे एक सावधगिरी आपल्या वाचकांसाठी विशेष. गाडी पुसण्यासाठी ‘शॅमॉय’ नावाचे जे पिवळसर मऊ कापड मिळते, ते मूळचे मेंढी वा बकरीच्या कातड्याचे असते. बाजारात त्याच नावाने कृत्रिम कापडही मिळते. म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचूनच घ्यावे. ‘लॅम्ब्सवूल’चे हातमोजे आणि डुकराच्या केसांचे ब्रशही या व्यवसायात वापरले जातात. गाडीवर लावण्याच्या मेणाचेही तसेच. कार्नोबा हे मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळते, म्हणजे ते वनस्पतिजन्य आहे. पण कार्नोबा लिहिलेल्या कित्येक डब्यांत मधमाश्यांचे मेण मिसळलेले असते. ज्या घरात मध चालत नाही, त्या घराच्या गाडीवर ते मेण चढू नये, एवढी चौकशी आपण करू शकतो. पूर्णतः कृत्रिम ‘सीलंट’ हाही पर्याय आहे. दोन-तीन महिन्यांनी असा एक हात दिला की धूळ कमी चिकटते आणि पाणी लवकर ओघळते.

दसऱ्याला वा नवी गाडी घरी आल्यावर आपण बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढतो, हार घालतो. हाराची तार पत्र्याला लागू नये म्हणून तो दोऱ्यानेच बांधावा. स्वस्तिक काचेवर काढावे आणि पूजेनंतर कोरड्या कापडाने न पुसता पाण्याने भिजवून काढावे. पांढऱ्या गाडीवर हळदीचा डाग दीर्घकाळ राहतो, हेही लक्षात असावे.

पाण्याचा हिशेब

घरी एक प्रयोग अवश्य करावा. पाइप सोडून १५ लिटरची बादली किती वेळात भरते, ते घड्याळ लावून पाहावे. ती एका मिनिटात भरत असेल, तर दहा मिनिटे पाइप सोडून ठेवणे म्हणजे १५० लिटर पाणी. वर सांगितलेल्या पद्धतीचा हिशेब असा: फवारणीस २ लिटर, पहिल्या धुण्यास १४, शाम्पूच्या बादलीत १०, स्वच्छ बादलीत १० आणि शेवटच्या धुण्यास १४. एकूण ५० लिटर. म्हणजे एक तृतीयांश. शिवाय रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा धुतले तर बचत किती, हे वाचकांनीच काढावे.

मार्च २०२४ मध्ये बंगळुरू येथील पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाडी धुण्यास वापरण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठरविला. चंद्रपूर शहर इरई धरणावर अवलंबून आहे आणि वीज केंद्रही त्याच पाण्यावर चालते, हे आपण जाणतो. परंतु दंडाची वाट कशाला पाहावी? श्रावकाच्या बारा व्रतांतील आठवे व्रत अनर्थदंड-विरमणाचे आहे. विनाकारण पाणी सांडणे हा त्यात प्रमादाचरणाचा भाग मानला आहे. पाण्याला अप्काय म्हणून जीव मानणाऱ्या समाजात उघडा सोडलेला पाइप ही केवळ पाणीपट्टीची बाब राहत नाही. वापरलेले फेसाचे पाणीही विहिरीजवळ, तळ्यात किंवा डबक्यात जाऊ देऊ नये. ते कोरड्या, उन्हाच्या जागी पसरून टाकावे, म्हणजे साचून त्यात डास होणार नाहीत.

दोन व्यवहारी सूचना

पहिली सूचना पॉलिशविषयी. ओरखडे पडल्यावर ‘पॉलिश करून घेऊ’ असे सहज म्हटले जाते. पॉलिश म्हणजे ओरखडा भरून काढणे नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचे आवरणच घासून खाली आणले जाते. प्रत्येक वेळी काही मायक्रॉन जातात आणि एकूण पुंजी ४०-५० मायक्रॉनचीच. ती व्याज न देणारी ठेव आहे. त्यातून काढलेली रक्कम पुन्हा भरता येत नाही. म्हणून पॉलिश क्वचितच करावे. बाहेरच्या वॉशिंग सेंटरवर गाडी नेल्यास दिवसभर सर्व गाड्यांना फिरलेला स्पंज आपल्या गाडीला लागू देऊ नये, आपला हातमोजा सोबत न्यावा.

दुसरी सूचना माणसांविषयी. पुष्कळ घरांत गाडी पुसण्याचे काम ड्रायव्हर वा मदतनीस करतो. पहाटे येऊन तो मनापासून कोरडे फडके मारतो, कारण गाडी रोज पुसली जावी हीच मालकाची अपेक्षा असते. ओरखडे दिसले की बोल त्यालाच लागतो. त्याच्या हाती आपण दिलेले असते एक जुने फडके आणि अर्धी बादली पाणी. त्याला दोन बादल्या, एक हातमोजा, चांगली चार कापडे आणि शाम्पू आणून द्यावा, एकदा सोबत उभे राहून क्रम दाखवावा आणि रोज पुसण्याची सक्ती काढून टाकावी. रोज हवीच असेल तर काचा आणि दिवे तेवढे ओल्या कापडाने पुसावेत. सुरक्षिततेसाठी तेवढे पुरेसे आहे. हा सारा संच दोन-अडीच हजार रुपयांत सहज बसतो.

पर्युषण वा ओळीच्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या पडोली, ताडाळीवरून भद्रावतीच्या स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथ तीर्थाकडे जातील. परतल्यावर गाडीवर धूळ असेलच. ती त्या रात्री तशीच राहू द्यावी. अंधारात, घाईने तिच्यावर हात फिरवण्यापेक्षा रविवारच्या सकाळपर्यंत थांबावे. तोवर गाडी मळकी दिसेल, पण झिजणार नाही. मळ पाण्याने निघून जातो, झीज कशानेच भरून निघत नाही.